शटरची किल्ली कोणाकडे? आफ्रिकेच्या शेतीला मदत करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विकास भागीदारी प्रशासन,
परराष्ट्र मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त माणूस. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही) एका स्वयंसेवी संस्थेत पाणलोटाच्या कामावर सव्वीस वर्षं काढली. माझा पगार ज्या पैशातून व्हायचा, त्यातला बराचसा जर्मनीहून यायचा. त्यामुळे परदेशी मदत हा विषय मी पुस्तकात नंतर वाचला, आधी त्यावर घर चालवलं. तुम्ही आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, देणाऱ्याच्या खुर्चीत बसला आहात. घेणाऱ्याच्या बाजूनं काय दिसतं ते तुम्हाला कळवावं, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

निमित्त असं की १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था अधिकृतपणे बंद झाली. १९६१ पासून चाललेलं दुकान. आफ्रिकेतले कितीतरी शेतीप्रकल्प, बियाण्यांची संशोधनं, गावपातळीवरची माणसं एका फटक्यात वाऱ्यावर गेली. तेव्हापासून आपल्याकडे एकच सूर ऐकतोय, 'आता भारताला संधी आहे.' टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणतात, माझा पुण्यातला पुतण्याही म्हणतो. शेजाऱ्याचं लग्न मोडल्यावर आपल्या पोरीचं स्थळ घेऊन निघावं, तसा हा उत्साह मला वाटतो. असो. संधी म्हणा, जबाबदारी म्हणा, काम तुमच्याकडे येणार हे खरं. आणि जुलै २०१८ मध्ये कंपालाला, युगांडाच्या संसदेत, आपल्या पंतप्रधानांनी सांगितलेलं आहे की आमची भागीदारी तुमच्या प्राधान्यक्रमानं चालेल. ते वाक्य धरूनच पुढचं लिहितो.

आधी एका गावाची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढं त्याच गावाबद्दल थोडं वाईटही लिहायचं आहे.

१९९६ चा मे. मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरलेली. विषय इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. योजना कशी होती ते थोडक्यात सांगतो, तुमच्या फायलीत कदाचित नसेल. १९४८ साली स्वित्झर्लंडहून आलेले फादर हर्मन बाखर हे तिच्यामागचे गृहस्थ. कामाचा पैसा केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेचा, प्रशिक्षणाचा पैसा जीटीझेड या जर्मन सरकारच्याच तांत्रिक मदत संस्थेचा, मध्ये नाबार्ड, आणि गावात आमच्यासारख्या संस्था. पण पैसा गावात येण्याआधी गावानं काही गोष्टी कबूल करायच्या होत्या. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. सगळं गाव 'हो' म्हणत होतं, कारण पैसा येणार होता. तेवढ्यात मागच्या बाजूनं एक म्हातारी उठली. तिच्या अकरा शेळ्या होत्या आणि जमीन गुंठाभरही नव्हती. ती म्हणाली, "त्या तुमच्या जर्मनाला म्हणावं, डोंगूर बंद करतोस ना, मग माझ्या शेळ्या तुझ्याकडं पाठीवते. तू सांभाळ."

गाव हसलं. ती हसली नाही. तिच्या मागची पाच-सात घरंही हसली नाहीत. सभा मोडली.

यानंतर जे झालं, ते मला आजही मदतीच्या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. काहीच झालं नाही. तीन महिने गावात एक चर खोदला गेला नाही. वरून कुणी 'मार्चअखेर खर्च दाखवा' म्हटलं नाही. आम्ही संध्याकाळी जायचो, बसायचो, चहा प्यायचो, शिव्या खायचो. शेवटी डोंगराचे तुकडे पाडून ते आळीपाळीनं बंद करायचे, कापलेल्या गवतावर पहिला हक्क शेळ्यावाल्यांचा, आणि चराच्या मजुरीतही पहिला नंबर त्यांचाच, असं ठरलं. म्हातारीनं सात शेळ्या विकल्या. गवत तिला मिळालं, मजुरी मिळाली, तरी ती शेवटपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मग कामाला सुरुवात झाली तीही अख्ख्या गावात नव्हे. आधी श्रमदान, मग शंभरेक हेक्टरांचा एक तुकडा. तो नीट जमला, हिशेब जुळला, समितीनं भांडता भांडता का होईना निर्णय घेतले, की मगच पुढचा मोठा पैसा. बँकेतलं खातं संस्थेचं आणि गाव पाणलोट समितीचं जोडखातं, दोघांच्या सह्यांशिवाय रुपया निघत नाही. शेताचं नियोजन एकेका शेतात जाऊन, नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करून. एकदा एक शेतकरी फक्कीच्या रेघेवर पाय रोवून उभा राहिला. म्हणाला, "हा बांध असा घातला तर पाणी सगळं भावाच्या रानात जाणार, मला नको." आमच्या इंजिनिअरनं नकाशा दाखवला. शेतकऱ्यानं नकाशा बघितलासुद्धा नाही. मग हायड्रोमार्कर त्याच्याच हातात दिला. दोन काठ्या आणि मध्ये पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी, एवढंच ते यंत्र. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत आलं की समतल बिंदू सापडला. त्यानं दुपारभर स्वतः मोजलं. रेघ चार हात वर सरकली. चूक आमची होती! पंधरा वर्षांनी त्याच्याकडं गेलो तेव्हा तो बांध जागेवर होता, आणि 'हा माझ्या मापाचा बांध' असं तो पाहुण्यांना सांगत होता.

साहेब, बांधाचा खर्च जर्मनांनी दिला, पण बांध टिकला त्याचं कारण त्या दुपारी सापडलं.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९९९-२००० मध्ये केंद्र सरकार आणि नाबार्डनं शंभर-शंभर कोटी घालून पाणलोट विकास निधी उभा केला आणि ही पद्धत आपल्या पैशानं इतर राज्यांत नेली. वाडीचंही तसंच. गुजरातेत धरमपूरला, मग इकडे नाशिक आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यात केएफडब्ल्यूच्या मदतीनं आंबा-काजूच्या वाड्या लागल्या, आणि त्यातून नाबार्डचा आदिवासी विकास निधी आला. म्हणजे परक्याच्या पैशावर आपण चूक करून बघितली, आणि जे जमलं ते आपल्या पैशानं चालवलं. चूक करायला पैसा मिळणं ही फार मोठी चैन असते. सरकारी अंदाजपत्रकात चुकीसाठी कलम नसतं.

आता वाईट ते. त्या गावात पाणी आलं. विहिरी मार्चपर्यंत, मग मेपर्यंत टिकायला लागल्या. २००५ नंतर डाळिंब आलं. डाळिंबामागून बोअर आले, दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे. २०१३ च्या उन्हाळ्यात गावात टँकर उभा होता, २०१६ लाही. बांध शाबूत, चर शाबूत, पाणी बेपत्ता. अडवायचं कसं ते आम्ही शिकवलं, वाटायचं कसं ते शिकवलं नाही. देखभाल निधी बँकेत होता, त्यातून गाळ काढता येत होता, पण शेजाऱ्याला 'बोअर घेऊ नको' म्हणायची ताकद त्या पासबुकात नव्हती. प्रकल्पाची मुदत कधीच संपली होती आणि आम्ही पुढच्या गावात फक्की मारत होतो.

याच गावात दहा-बारा वर्षांपूर्वी मी आफ्रिकेतल्या काही अधिकाऱ्यांना घेऊन गेलो होतो. पाणलोट बघायला अशी मंडळी आमच्याकडे अधूनमधून येत. त्यांत मलावीचे एक कृषी विस्तार अधिकारी होते. जेवायला पिठलं-भाकरी होती. भाकरी मोडून ते म्हणाले, आमच्याकडे मक्याच्या पिठाचं न्सिमा असतं, त्याच्याशिवाय जेवलो असं वाटत नाही. मी म्हटलं, आमचंही तसंच. मग बाकीचे बंधाऱ्याचे फोटो काढत होते तेव्हा यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "देणारे गेल्यावर गोदामाची किल्ली कोणाकडे राहिली?"

मला प्रश्न कळलाच नाही. आमच्याकडे गोदाम नव्हतं, डोंगर होता. त्यांनी सांगितलं की त्यांच्या भागात एका देणगीदारानं धान्याचं सुरेख गोदाम बांधून दिलं, भिंतीवर झेंडा रंगवला, उद्घाटन झालं. किल्ली प्रकल्प अधिकाऱ्याकडे होती. प्रकल्प संपला, अधिकारी राजधानीला गेला, किल्ली खिशात गेली. गावानं दोन वर्षं वाट पाहिली, मग कडी तोडून आत कोंबड्या ठेवल्या. "निदान कोंबड्या तरी," ते म्हणाले.

हे सांगताना ते हसत होते. मीही हसलो. मलावीबद्दल मला तेव्हा एवढंच माहीत होतं की २००५ साली पीक बुडाल्यावर त्यांच्या सरकारनं खतावर अनुदान द्यायचं ठरवलं, मोठे देणगीदार नाही म्हणत होते, तरी दिलं, आणि पुढच्या हंगामात मक्याचं उत्पादन दुपटीच्या घरात गेलं. पावसानंही साथ दिली होती, हे तेच म्हणाले. आणि अनुदानाचा बोजा पुढं सरकारला जड गेला, हेही त्यांनी लपवलं नाही. पण त्यांच्या सांगण्याचा रोख वेगळा होता. आपल्या शेतात खत घालायचं की नाही हे परक्याला विचारावं लागतं, याची चीड त्या माणसाला होती. ती चीड मला ओळखीची वाटली.

माझ्या आधीच्या पिढीनं ती भोगलेली आहे. १९५६ च्या करारानं पीएल ४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचा, गहू यायला लागला. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी दोर इतका आखूड धरला की महिन्या-महिन्याचा गहू सुटायचा. व्हिएतनामबद्दल आपण काय बोलतो यावर जहाज निघणार की नाही ते ठरायचं. मी स्वतः १९७२ चा दुष्काळ बघितला, तेव्हा आठ वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायला, आम्हा पोरांना सुकडी, आणि घरात अमेरिकेची लाल मिलो. विकतची होती की मदतीची, ते आम्हाला काय कळणार. भाकरी थापताना फाटायची आणि गार झाली की चामड्यासारखी. आजी म्हणायची, "हे त्यांच्याकडं डुकरं खात्यात." आजी चुकत नव्हती, तिकडे ती जनावरांच्या खाद्याचीच ज्वारी. पण आजी खायची, कारण दुसरं नव्हतं. आणि गाजर गवत दिसलं की लोक अजूनही 'काँग्रेस' म्हणतात आणि पीएल ४८० च्या गव्हाला शिव्या घालतात. खरं-खोटं वनस्पतिशास्त्रज्ञ जाणोत, मदतीची आठवण लोकांनी कशात साठवली ते बघा.

याच काळात एका माणसानं फुकटच्या मालाचं काय करायचं ते दाखवून दिलं. युरोपात दुधाची भुकटी आणि लोणी साचून डोंगर झाले होते. ते भारतात फुकट ओतलं असतं तर मुंबई-दिल्लीला स्वस्त दूध मिळालं असतं आणि खेड्यातल्या म्हशी दोन वर्षांत बाजारात उभ्या राहिल्या असत्या. वर्गीस कुरियन यांनी ती भुकटी घेतली, जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल. पण ते दूध देशी दुधाच्या भावाला धक्का लागणार नाही अशा दरानं विकलं. त्यातून उभ्या राहिलेल्या सुमारे ११६ कोटी रुपयांतून १९७० नंतरच्या दहा वर्षांत अठरा दूधक्षेत्रं चार महानगरांना जोडली. दूध महापूर योजना म्हणायचो आपण. गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांच्यासारख्यांनी या योजनेवर सडकून टीका केली, आणि सगळीच टीका उडवून लावण्यासारखी नव्हती. संकरित गाईचा खर्च कुणाला परवडला, हा प्रश्न आमच्या गावातही विचारला गेलाच. तरी भुकटीचं काय करायचं ते आणंदला ठरलं, ब्रुसेल्सला नाही. हैतीचं उलट झालं. तिथं आयातशुल्क पाडून अमेरिकेचा स्वस्त तांदूळ घुसवला आणि स्थानिक भातशेतकरी उठला. बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे ती चूक कबूल केली. कबुलीनं भात उगवत नाही.

आता माझी स्वतःची तक्रार सांगतो. योजनेचं नाव, तालुका, खातं काहीच सांगत नाही, कारण मुद्दा कुणाला टांगण्याचा नाही.

परदेशी मदत आता आपल्याकडे बहुतेक कर्ज म्हणून येते. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प घ्या, पहिल्या टप्प्यात जागतिक बँकेचं ४२ कोटी डॉलरचं कर्ज, पंधरा जिल्हे, पाच हजारांवर गावं. शेतमालाच्या व्यवसायासाठीचा राज्याचा स्मार्ट प्रकल्प घ्या, २,१०० कोटींतले १,४७० कोटी जागतिक बँकेचे. गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या. निवृत्तीनंतर आम्हीही काही जणांनी एक काढली. माझे दहा हजार रुपये भागभांडवल. अशाच एका योजनेतून आम्हाला डाळ मिल मिळाली. शेड झाली, यंत्रं आली, क्लीनिंग-ग्रेडिंगचं वेगळं, पॉलिशचं वेगळं. फलक लागला, त्यावर किती टक्के कुणाचे ते लिहिलं. फीत कापली.

जानेवारीत तूर निघते. शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे हवे असतात, कारण कापणीची मजुरी द्यायची असते, पोराची फी असते, सोसायटीचा तगादा असतो. व्यापाऱ्याचा टेम्पो खळ्यावर येतो, काटा लावतो, रोख मोजतो. आमच्याकडे पंचेचाळीस लाखांचा कारखाना होता आणि तूर घ्यायला पंचेचाळीस हजार नव्हते. योजनेत शेडला पैसे होते, यंत्राला होते, प्रशिक्षणाला होते, अभ्यास दौऱ्याला होते. खेळत्या भांडवलाला नव्हते. बँकेत गेलो, बँकेनं संचालकांचे सातबारे मागितले. संचालकांनी एकमेकांकडे बघितलं. डीपीचा प्रश्न वेगळाच, थ्री-फेज लाईट रात्री यायची आणि रात्रपाळी करायला माणूस नव्हता. पहिल्या वर्षी चाळीस क्विंटल भरडली, दुसऱ्या वर्षी बारा. तिसऱ्या वर्षी शटर उघडलं तेव्हा हॉपरमध्ये पाखरांनी घरटं केलेलं.

शटरची किल्ली माझ्याकडेच आहे. घरात, देवघराशेजारच्या खिळ्याला. ती बघितली की मलावीच्या त्या साहेबांची आठवण येते. आमच्याकडे तर कोंबड्याही नाहीत.

उलट माझी वहिनी. ती महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, लोकसंचालित साधन केंद्रात आहे. तिथंही परदेशी पैसाच होता, इफाड या संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीचा, तेजस्विनी कार्यक्रमातून, २००७ पासून. पण केंद्र बचत गटांच्या बायकांच्या मालकीचं. गटांकडून सेवाशुल्क घेतात, बँकेच्या कर्जवाटपात मदत करून कमिशन मिळवतात, त्यातून सहयोगिनींचे पगार काढतात. वर्षाकाठी ताळेबंद भिंतीवर लावतात. इमारत भाड्याची, दोन खोल्यांची, फरशी फुटलेली. फीत कापण्यासारखं तिथं काहीच नाही. केंद्र चालू आहे.

म्हणून तुम्हाला विनंती आहे, आफ्रिकेत शेतीसाठी पैसा पाठवताना यंत्रापेक्षा खळ्यावरच्या रोख पैशाचा आधी विचार करा. तुमची मदत मुख्यतः तीन वाटांनी जाते असं मी समजतो. अनुदान, १९६४ पासून चाललेलं आयटेकचं, म्हणजे परदेशी अधिकाऱ्यांना भारतात बोलावून दिलेलं, प्रशिक्षण, आणि एक्झिम बँकेमार्फतचं सवलतीचं कर्ज. यांत मोठा आकडा कर्जाचा. २०१५ च्या दिल्लीतल्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांसाठी १,००० कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज जाहीर झालं होतं, अनुदान ६० कोटींचं. आणि कर्जाला अट, साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. मला यातला आपला फायदा कळतो. सेनेगलच्या भातशेतीला आपल्या कर्जातून किर्लोस्करांचे पंप गेले, तेव्हा आम्हालाही बरं वाटलं. औत आणि पंप किर्लोस्करांचा, हे आमच्या आजोबांपासूनचं. पण अमेरिकेनं १९५४ पासून कायदाच केला होता की मदतीच्या धान्यातलं निदान निम्मं अमेरिकेच्याच जहाजांतून जावं. त्यावर आपण किती वर्षं टीका केली! आता आपली अट पाऊणाची आहे.

निदान एवढं करा. ट्रॅक्टर पाठवणार असाल तर फिल्टर, बेल्ट आणि मेकॅनिक करारातच लिहा, आणि तो मेकॅनिक तिथलाच पोरगा असू द्या. मलावीच्या साहेबांबरोबर आलेल्या त्या गटातल्या एकानं मला फोनवर फोटो दाखवला होता, आंब्याच्या झाडाखाली रांगेनं उभे असलेले ट्रॅक्टर, चाकांच्या वर गवत. देश सांगत नाही. एका सुट्या भागासाठी मुंबईहून जहाजाची वाट बघत हंगाम गेला, म्हणाला. नांगरटीचा हंगाम किती दिवसांचा असतो ते दिल्लीत सांगायला लागू नये, पण सांगतो, पहिल्या पावसानंतर वाफसा आला की आठ-दहा दिवस. कोटेशनला त्याहून जास्त लागतात.

कापसाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथं आपला माज सगळ्यांत कमी हवा. २०१२ मध्ये आपण आफ्रिकेतल्या सात देशांसाठी कापसाचा तांत्रिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली, मलावी, नायजेरिया, युगांडा. २०१९ मध्ये पुढचा टप्पा जाहीर झाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा त्यात सहभाग. चांगलंच आहे. पण नागपूरहून निघालेली गाडी यवतमाळला न्या. २०१७ मध्ये तिथं फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, बोंडअळीनं त्याच हंगामात बोंडं खाल्ली, बीटी असूनही. हे लपवलंत तर पाहुणे अर्धंच शिकून जातील. आणि त्यांच्याकडून आपणही शिकावं. बुर्किना फासोनं बीटी कापूस घेतला, उत्पादन आलं, पण धाग्याची लांबी कमी भरायला लागली. त्यांच्या कापसाची बाजारातली पत लांब धाग्यावर उभी होती. त्यांनी २०१६ च्या सुमारास बीटी सोडून पुन्हा जुने वाण धरले. एका गरीब देशानं एवढा निर्णय घेतला आणि निभावला. आपल्या शेतकऱ्याला बिगरबीटी सरळ वाणाचं पाकीट दुकानात मागितलं तर दुकानदार वर मान करून बघतो. प्रशिक्षण कुणी कुणाला द्यायचं, हे एकदा बसून ठरवायला हवं.

आणि घाई करू नका. मला माहीत आहे, तुमच्यावरही मार्चअखेर असते, दौरे असतात, पंतप्रधानांच्या भेटीआधी काहीतरी दाखवायचं असतं. पण आमच्या त्या म्हातारीच्या तीन महिन्यांना तुमच्या आराखड्यात जागा असेल असं बघा. तिथंही कुणीतरी शेवटच्या रांगेतून उठणार आहे. ती बाई असेल, तिच्याकडे जमिनीचा कागद नसेल, आणि तुमचा पंप ज्या ओढ्यावर बसणार आहे त्याच्यावर तिची भाजी असेल. तिचं ऐकायला दुभाषा लागेल. त्या दुभाषाचा खर्च अंदाजपत्रकात घाला, फार होत नाही.

मूल्यमापनाचंही तेच. प्रकल्प संपताना जो अहवाल होतो तो मला तोंडपाठ आहे, मीच कितीतरी लिहिले. किती हेक्टर, किती लाभार्थी, किती टक्के महिला. दहा वर्षांनी कुणीही येत नाही. डाळिंबाचे बोअर बघायला एकही जर्मन आला नाही, त्यांना दोष देत नाही, त्यांचा करार संपला होता. तुम्ही करारातच लिहा की दहाव्या वर्षी दोन माणसं पुन्हा जातील, आणि त्यांच्या अहवालावर पुढचा पैसा अवलंबून राहील. त्यासाठी वेगळे तज्ज्ञ नकोत. आमच्याकडे निवृत्त झालेले पाणलोटवाले, दूध संघातले, साधन केंद्रातल्या बायका अशी बरीच माणसं रिकामी आहेत. इंग्रजी यथातथा, पण बांध बघून पाणी कुठं मुरतंय ते सांगतात.

शेवटची विनंती आयटेकच्या पाहुण्यांबद्दल. त्यांना आमच्याकडे पाठवाच. पण ऑगस्ट-सप्टेंबरात पाठवू नका. तेव्हा सगळे डोंगर हिरवे असतात, ज्या गावात काडीचं काम झालं नाही तेही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाठवा. पाणी खरंच मुरलंय का ते तेव्हा कळतं. मी त्यांना तो 'माझ्या मापाचा' बांध दाखवीन, विहिरीतला दोर किती खाली जातो ते दाखवीन, आणि संध्याकाळी डाळ मिलचं शटर उघडीन. वाटलं तर वहिनीच्या केंद्रातही नेईन, पण तिथं बुधवारी जायचं नाही, गटांच्या हप्त्याचा दिवस असतो, बायका वाटेत आलेल्याला हाकलून लावतात.

गाडी खालच्या वस्तीपर्यंतच येते, पुढं दीड किलोमीटर चढ आहे. पाहुण्यांना बूट घालून यायला सांगा, आणि उन्हाच्या आत, सकाळी सातला निघू.

आपला,
एक निवृत्त पाणलोट कार्यकर्ता,
जिल्हा अहिल्यानगर